साडेपंधरा फूट

नाही नाही, दादा, आत नको — गाडी इथंच राहू दे, चिंचेखाली. आत बसायची नाही ती. तुम्ही सांगलीपासून एवढी चालवत आणलीत, दमला असाल, पाणी घ्या आधी — चहा टाकते — नको? बरं. पण आत नको. माप घेतलंय आम्ही, कमी पडतं. तुम्हाला इथून मोठं वाटतंय ते. रिकामी जागा लांबून मोठीच वाटते. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी बांधलं ते, ट्रॅक्टरसाठी. आता आबा नाहीत, ट्रॅक्टरही नाही, नुसतं शटर राहिलंय. गॅरेज म्हणायचं आपलं.

आई येईलच. औंधला गेलीय, हार आणि नारळ आणायला, आणि येताना अख्ख्या गल्लीला सांगत येणार — या, आमच्या ऋषीची गाडी आली. मग त्याचा व्हिडिओ कॉल. ऋषिराज, माझा भाऊ — तुमच्या कागदावर नाव असेल बघा — फौजेत आहे, तिकडं वर बर्फात. आजचा मुहूर्तही त्यानंच काढला. वर्षातून एकदा येणार सुट्टीवर, आणि गाडी ही! काय ते टायर, दादा, माझ्या कमरेला लागतात. मागच्या दाराला आणखी एक अडकवलाय. डोंगर चढते म्हणे, नदीतून जाते म्हणे. आमच्या इथं नदी कुठंय? ओढा आहे, तोही दिवाळीनंतर कोरडा. आईला यमाईच्या डोंगरावर नेणार म्हणतो — अरे, त्या डोंगरावर रिक्षासुद्धा जाते!

हसू नका. मला खरंच राग येतो. मी दिल्लीला शिकले, माती आणि पाणी हाच विषय. तिकडं नोकरी होती, सोडून आले — गावाचा टँकर बंद करायचा म्हणून आले. ग्रामसभेत उभी राहून बोलते मी, ओढ्यातली वाळू उपसू नका, झाडं तोडू नका, गरजेपुरतं वापरा. आणि माझ्याच दारात हे धूड! लोक काय म्हणतील? म्हणतीलच. परवा पाणवठ्यावर मनुबाई म्हणाली, "आमाला सांगतीस हांडा पुरवून वापर म्हून, आन् तुमची गाडी धुवायला किती हांडं लागत्यात गं?" मी हसले. तुमच्यासारखीच.

म्हणून वाटायचं, येऊच नये गाडी. आणि ऋषीचं एकच होतं — बंद जागा पाहिजे. उघड्यावर ठेवायची नाही. ते बघा, चिंचेवर वानरं — छपरावर उड्या मारतात, आरसे उपटतात. रात्री उंदरं वायरी खातात. गॅरेजात बसत असेल तरच घेतो म्हणाला. "अंके, टेप लाव आणि सांग. तुझ्यावर सोडलं." माझ्यावर सोडलं त्यानं. मी सांगितलं, बसत नाही. मला वाटलं, झालं, विषय संपला. तो फौजी आहे हे विसरले मी — अडचण आली की वाट काढायची, एवढंच त्याला शिकवलंय. दुसऱ्या दिवशी फोन. "मागची भिंत काढू. आत्तीच्या खोलीची. गॅरेज लांब होईल."

आत्ती म्हणजे आबांची बहीण, शालू आत्ती. गॅरेजला लागूनच तिची खोली — ते निळं दार दिसतंय ना, ती. कुलूप? हो, कुलूप आहे. नवऱ्यानं दुसरी केली, हिला घालवली, तेव्हापासून ती इथंच. आम्हाला तिनंच वाढवलं म्हणा ना; आई रानात असायची. ऋषी काही वाईट नाही हं, दादा. त्याचा जीव आहे तिच्यावर. म्हणाला, आत्तीला माडीवर चांगली खोली करून देऊ, फरशी, पंखा, सगळं. पण तिचे गुडघे! जिना चढताना कठडा धरून रडते ती, कुणी बघत नसलं की. हे त्याला कुठं माहीत — ती त्याला सांगते का? फोनवर म्हणाली, "व्हय रं सोन्या, माडीवर वारं बी लागंल मला. कवा पाडतुयास भित्ताड?" असं म्हणाली. हसत म्हणाली.

आणि आज सकाळी फलटणला गेली. दिराकडं. त्याच घरात, जिथून तिला हाकललं होतं. आईला आणि मला शपथ घातली, ऋषीला कळू द्यायचं नाही — "पोराच्या हौसंत माजं रडगाणं नगं." एका पिशवीत दोन लुगडी, एका पिशवीत देव. देवांची पिशवी मीच धरली होती, स्टँडपर्यंत. एसटी उशिरा आली. किती तरी वेळ आम्ही बाकावर बसलो होतो, दादा. सांगायला भरपूर वेळ होता.

काय सांगायला? काही नाही. हेच — जाऊ नको म्हणून.

तुम्ही सारखे तिकडं का बघताय? उद्या गवंडी येतोय, भिंत पडली की बसेल गाडी, आजचा दिवस राहू दे बाहेर. नको, पावलं नका टाकू — मोजू नका, दादा! मोजलंय म्हणते ना. आम्ही दोघींनी मोजलंय. टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं आत्तीनं धरलं होतं, मागच्या भिंतीला. म्हणजे तिच्याच भिंतीला. अंगठ्यानं असं दाबून धरलं होतं, हलू नये म्हणून. मला ओरडून विचारलं, "किती भरलं गं?" तिला आकडे येत नाहीत. मी टेपकडं बघितलं. एकोणीस होतं. मी म्हणाले, साडेपंधरा.

गाडी केवढी आहे ते तुम्हाला माहीतच आहे, एकोणिसात सहज बसते.

आणि सगळं काही झाडांसाठी आणि ओढ्यासाठी नव्हतं. तेही सांगते, आता काय राहिलंय. दहावीच्या पोरींना मी बोलून बसले होते — ते गॅरेज तुमचं, तिथं अभ्यासाला बसायचं, फळा लावू, दिवा लावू. घरात कुणाला विचारलं नव्हतं. पोरी टाळ्या वाजवत होत्या, मला बरं वाटत होतं. चांगलंच काम होतं की! चांगल्या कामासाठी साडेतीन फूट इकडं-तिकडं, काय बिघडलं — असं वाटलं मला. खरंच वाटलं.

भिंतीचं निघालं तेव्हा आत्तीनं विचारलं होतं एकदा. भाकरी थापत होती. "अंके, नीट मोजलंवतंस न्हवं?" मी म्हणाले, हो. मग तीच आईला म्हणाली, "शिकल्याली पोर हाय, तिचं माप कसं चुकंल?" आणि पुन्हा कुणी टेप लावली नाही. गवंड्यानंसुद्धा नाही. ताईंनी मोजलंय म्हणाला.

तुम्ही म्हणाल, आता ओवाळून मोकळं व्हा. तेच तर होत नाही. आमच्या घरात गाडीला ओवाळायचा मान आत्तीचा. ट्रॅक्टरला तिनंच ओवाळलं, आबांच्या मोटरसायकलला तिनंच. बायका नाकं मुरडायच्या — नवऱ्यानं टाकलेली, हिच्या हातानं कशाला? आबा सगळ्यांसमोर म्हणायचे, "माज्या दारात माज्या भणीचा मान. ज्येला बघवंना त्येनं डोळं मिटावं." ऋषी काल रात्रीच म्हणाला, आत्तीच्या हातनं ओवाळल्याशिवाय चाक आत घ्यायचं नाही. आता ताट तयार आहे, आणि तो विचारेल, आत्ती कुठंय. आई म्हणणार, पडलीय जरा, अंगात कणकण आहे. आणि मी शेजारी उभी राहणार. उद्या भिंत पडेल, आणि मग ती परत आली तरी कुठं येईल?

फोन वाजला. बघा, तोच. आईला वेळ लागेल अजून.

काय करू? — तुम्हाला कशाला विचारतेय. तुम्हाला परत जायचंय, उन्हात उभं केलंय मी तुम्हाला, आणि हे ऐकवतेय. तुम्ही बसा गाडीत. बसा, चालू करा. शटर मी उचलते. आरसे मिटू नका, काही गरज नाही. मान-बिन जाऊ दे, ओवाळणं राहू दे.

हॅलो, ऋषी. हो, आली. छान आहे. नाही, आत्ती नाही — ऐक, आधी काही बोलू नकोस. मी फोन तिकडं धरते, तू नुसतं बघ. नुसतं बघ म्हणते ना.

हां दादा, घ्या मागं. येऊ द्या. सरळ. येऊ द्या, येऊ द्या. मी इथं मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, माझ्याकडं बघून घ्या. येऊ द्या. गाडीचं तोंडही दाराच्या आत आलं, आता शटर पडेल एवढे आत आलात — येऊ द्या, अजून. अजून जागा हाय. अजून या. घाबरू नका, मला काय लागत न्हाई, दोन हात लांब हाय अजून —

बास.

बंद करा गाडी. चावी तिथंच राहू द्या. आणि जावा तुमी, दादा. त्याला साडेपंधराचं सांगायचं हाय मला.