पूजेत बसलेले चाकू

हां, मृदंगबुवा, जरा हात आवरा. पेटीलाही श्वास घेऊ द्या. आता थोडं बोलायचं आहे.

मंडळी, ऐका! गोष्टीआधी एक प्रश्न टाकतो. घाबरू नका, ही काही परीक्षा नाही — नापास झालात तरी प्रसाद मिळणार आहे! प्रश्न असा. भगवंतानं तुम्हाला एक चांगली वस्तू दिली. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नाही अशी! तर ती वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं?

काय म्हणालात, काकू? कपाटात ठेवायची? वा! तुमच्या लग्नातला शालू अजून डांबराच्या गोळ्यांत आहे ना? नेसून एकदा मांडवात या — वऱ्हाडी मंडळी अक्षता टाकायच्या ऐवजी शिंका देतील! हसताय? हसा. पण उत्तर अजून मिळालेलं नाही. तेच शोधायला आपल्याला वेळगावला जायचं आहे, गेनबा रासकराच्या घरी.

हा गेनबा कोण? कलमं बांधणारा माळी. आंब्याचं कलम कसं होतं, ठाऊक आहे ना? कोय रुजवून एक रोप करायचं, त्याला म्हणतात खुंट. खुंटाचा शेंडा छाटायचा, मध्ये चीर द्यायची. चांगल्या झाडाची काडी आणायची, तिला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि त्या चिरेत बसवायची. वरून केळीच्या खोडाच्या सोपटानं बांधायचं. साल सालीला भेटली, तर काडी जगते. म्हणजे बघा गंमत — जोडायचं आहे, पण आधी दोघांनाही कापावं लागतं! आणि कापणारा चाकू बोथट असेल तर? साल चेंगरते, काडी काळी पडते, खेळ खलास!

आता गेनबाकडे चाकू कसले होते म्हणता? अहाहा! जोडी होती जोडी! त्याचे गुरू भिकातात्या. त्यांनी मोटारगाडीखालच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पोलादाची पाती घडवून घेतलेली, वर म्हशीच्या शिंगाच्या काळ्याभोर मुठी. एक पातं सरळ, एक किंचित वाकडं. पात्यावरून केस सोडला तर त्याचे दोन होऊन खाली पडायचे म्हणे! मी पाहिलेलं नाही. माझ्याकडे सोडायला केसही उरलेले नाहीत!

तात्या शेवटच्या दुखण्यात पडले. गेनबाला जवळ बोलावलं. चाकूंची जोडी त्याच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, "घे. माझ्यापरीस तुझा हात हलका हाय."

झालं! एवढंच बोलले आणि गेले. आणि मंडळी, इथंच सगळा घोटाळा झाला.

तुम्ही म्हणाल, यात घोटाळा कसला? गुरूनं शाबासकी दिली, चाकू दिले, आता माणूस सुटेल की वाऱ्यासारखा! पण गेनबा काही सुटेना. एकदा त्यानं ते चाकू फडक्यात गुंडाळले, कमरेला बांधले आणि शेजारच्या गावी कलमं बांधायला निघाला. ओढ्यापर्यंत गेला. तिथं मनात आलं — पाय घसरला तर? पाण्यात पडले तर? फिरला मागं! दुसऱ्या वेळी अंगणातच खुंट घेऊन बसला, चाकू फडक्यातून काढला, बघत राहिला, पुन्हा गुंडाळला. बाजारातला साधा चाकू काढला आणि त्यानंच काम उरकलं.

तेवढ्यात आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. नांगर, करवत, कात्री, शिवणाचं मशीन, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी! पाटावर बसायचं, हळदकुंकू लावून घ्यायचं, झेंडूची फुलं मिरवायची. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अक्षता टाकून उत्तरपूजा करायची, देवाला म्हणायचं, 'आता उठा, पुढच्या वर्षी पुन्हा या', आणि हत्यार उचलून कामाला लावायचं. अशी रीत. बरोबर ना, मालक?

गेनबानं चाकू देवघरात पाटावर मांडले. पूजा केली. मन लावून केली! आणि दसऱ्याच्या सकाळी... उत्तरपूजाच केली नाही.

आता शास्त्र काय सांगतं? उत्तरपूजा झाल्याशिवाय मांडलेला देव हलवायचा नाही! बघा, कशी सोय झाली! कुणी आलं, "गेनबा, तात्याच्या चाकूनं एक कलम बांधून दे की," की हा कान पकडून म्हणायचा, "पूजेत हायेत!"

दिवाळी आली — पूजेत आहेत. शिमगा आला — पूजेत आहेत. दुसरा दसरा आला आणि गेला, तरी पूजेतच! रोज नवी फुलं, रोज गंध, रोज हळदकुंकवाची बोटं. बायको ठकूबाई नैवेद्याची वाटी घेऊन यायची आणि कातावायची, "अवो, देवाला ताट ठेवायला जागा न्हाई! मधी ह्ये चाकू! देव काय पोळी कापून खानार हाय व्हय?"

गावात तर कुजबूज सुरू! कुणी म्हणे, मुठीत सोनं भरलंय. कुणी म्हणे, तात्यानं शपथ घातलीय. कुणी म्हणे, त्या चाकूनं एकदा काहीतरी भलतंच कापलं गेलंय! अहो, माणसाला खरं कारण ठाऊक नसलं की त्याची कल्पना काय धावते! तुम्हालाही आता उत्सुकता लागलीच आहे. लागू द्या. मलाही हे कोडं पुष्कळ दिवस सुटत नव्हतं.

कोडं सुटलं ते एका झाडामुळं. भिकातात्यांच्या बांधावर एक आंबा होता. लोक त्याला केवड्या म्हणत. फळ लहान, रंगही यथातथाच. पण पिकला की असा दरवळ, की वाटसरू बांधावर थबकायचा! तसं झाड मुलखात एकच. कोय लावून बघितली होती पुष्कळांनी. कोयीतून आंबा येतो हो, पण तोच आंबा येत नाही! त्याची जात टिकायची तर कलमच हवं.

आणि त्या झाडाला भिरूड लागलं. भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. बुंध्यातून भुसा गळायला लागला. तात्यांच्या पाठीमागं त्यांची बायको चंद्राकाकी एकटीच. तिला मूलबाळ नाही. ती गेनबाकडं आली आणि म्हणाली, "बाबा, जायच्या आदी केवड्याचं एक तरी रोप करून दे. माझं म्हनून तेवढंच मागं ऱ्हाईल."

गेनबानं नाही म्हटलं का? छे! त्यानं कलमं बांधली. बाजारातल्या चाकूनं! झाडात रस कमी, काड्या बारीक, चाकू जाडा. सगळी काळी पडली. पुढल्या वर्षी पुन्हा बांधली, पुन्हा तेच. गेनबा म्हणाला, "काय करनार काकी, चाकूच तसला!" मंडळी, त्याच्या या बोलण्यात हळहळ होती, पण खरं सांगू? आत कुठंतरी हुश्शही होतं!

मग श्रावणात एका पहाटे वारा सुटला आणि केवड्या मुळासकट आडवा झाला.

सकाळी चंद्राकाकी गेनबाच्या दारात उभी. रडली नाही. म्हणाली, "गेनबा, झाड पडलं. पानं अजून हिरवी हायेत. आजचा दीस काड्या जित्या ऱ्हातील. चल."

गेनबानं झटक्यात खुंटीवरची पिशवी घेतली. "चला काकी, चाकू घेतला—"

"कंचा?"

गेनबानं पिशवी पाठीमागं सरकवली.

"कंचा चाकू घेतलास, म्हनते मी?"

"काकी... त्ये पूजेत हायेत."

"कवा मांडलेस पूजेला?"

"खंडेनवमीला."

"कंच्या?"

गेनबानं खाली मान घातली. "तात्या गेल्यावर आली, ती."

काकीनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "म्हंजे तवाधरनं तुज्या घरात दसरा आलाच न्हाई म्हन की!"

आता मात्र गेनबाचा बांध फुटला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. "काकी, माझ्या चाकूनं कलम मेलं, तर लोक म्हनतात चाकू वाईट. तात्याच्या चाकूनं मेलं, तर काय म्हनतील? मग वाईट कोन? मीच की! तात्या म्हनले, तुजा हात माझ्यापरीस हलका. ते चाकू पाटावर हायेत, तवर त्यांचं बोलनं खरं हाय. मी उचलले आनि चुकलो, म्हंजे? तात्याच खोटं ठरतील!"

सापडलं, मंडळी! सोनं नाही, शपथ नाही, काही नाही! पूजा चाकूची नव्हतीच. गेनबाच्या भीतीला रोज फुलं वाहिली जात होती.

चंद्राकाकी काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हातारी खुदकन हसली!

"येड्या! तुला वाटतं ह्यांची समदी कलमं जगायची? आरं, जगलेली अंगनात मांडायचे, ती तुमी बघितली. मेलेली मागल्या दारी माझ्याकडं यायची! ह्यांच्या मेलेल्या काड्यांवर म्या जलमभर चूल पेटवली. तुला शिकवायला लागले, त्या वर्सी तर सरपन इकत घ्यायचं कामच पडलं न्हाई!"

गेनबाला खरंच वाटेना. तात्यांची कलमं मरायची? त्याच चाकूनं?

उठला. हातपाय धुतले, देवघरात बसला. अक्षता हातात घेतल्या, डोळे मिटले, पाटावर वाहिल्या. म्हणाला, "आता उठा, देवा. उशीर झाला."

आणि चाकू उचलायला गेला, तर चाकू निघेनात!

हो! पाटाला चिकटून बसले होते! रोजची ओली फुलं, रोजचं गंध, सगळं पाणी खाली झिरपलेलं. वरून बघावं तर हळदकुंकवानं कसे प्रसन्न! ओढून काढले आणि उलटे केले — खाली नुसता गंज! देव हलवायचा नाही म्हणून कधी खालची बाजू बघितलीच नव्हती ना! वाकड्या चाकूच्या पात्याचे पापुद्रे हातात आले. तो संपलाच होता. सरळ पातं खडबडीत झालेलं, कडेला खाल्लेलं, पण मध्ये पोलाद शिल्लक होतं.

गेनबानं ते पापुद्रे ओंजळीत धरले. "काकी, म्याच मारलं ह्यास्नी! जपून जपून मारलं!"

माझ्या डोळ्यांत पाणी येतं हो, हे सांगताना. वैऱ्यानं केलं असतं तर सोसलं असतं. हे भक्तीनं झालं!

काकीनं त्या मुठीवरून एकदा बोट फिरवलं. नवऱ्याच्या हातातलं हत्यार ते! पण ती म्हणाली, "रडायचं तर मागनं रड. तकडं काड्या सुकायल्यात."

ठकूबाईनं दगड आणला, पाणी आणलं. गेनबा घासायला बसला. आधी तांबडं पाणी वाहिलं, मग काळं, मग निवळ. पातं निम्मं झिजलं, पण धार आली! चाकू कमरेला खोचला आणि तो निघाला. ओढ्याला पाणी होतं. घोट्यापर्यंत पाय घातले, पलीकडं गेला. चाकू पडेल, हे त्याला आठवलंसुद्धा नाही.

आडव्या झाडाशी खुंटाची रोपं मांडून सगळे बसले. चांगल्या काड्या निवडल्या, फारशा निघाल्या नाहीत. पहिली हातात घेतली. पातं टेकवलं. पाचर एकीकडं तिरपी गेली! काडी फुकट!

गेनबानं काकीकडं बघितलं. असं बघितलं, की आता ही काय म्हणते! काकीनं ती काडी उचलली, शांतपणे पदरात टाकली आणि म्हणाली, "ही चुलीला झाली. हं, दुसरी घे."

मंडळी, गुरुमंत्र गुरुमंत्र म्हणतात तो आणखी कसला असतो हो? 'ही चुलीला झाली, दुसरी घे!'

दुसरी घेतली. मग तिसरी. हळूहळू हात सरावला. पातं सालीतून असं जायला लागलं, की काडीला कापल्याचं कळू नये! उन्हं कलेपर्यंत काड्या संपल्या. कलमं सावलीत मांडली आणि मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी गेनबा जायचा, बघायचा. आज एक काळं, उद्या आणखी एक. काकी एकेक उचलायची आणि चुलीपाशी नेऊन ठेवायची. शेवटी दोनच उरली. आणि एके दिवशी त्या दोन्हींना तांबूस कोवळी पानं फुटली!

गेनबा ओशाळून म्हणाला, "काकी, दोनच लागली."

काकी त्या पानाला बोट लावून बघत होती. वर मान न करता म्हणाली, "आपल्याला एकच पायजे हुतं न्हवं?"

एक तिच्या बांधावर लावलं, एक देवळामागं. चंद्राकाकीनं त्याचं फळ चाखलं की नाही, ते मला विचारू नका. तिनं पान बघितलं, मला तेवढं पुरे वाटतं.

आता बोला, मंडळी! गेनबा वेडा, नाही का? आपण शहाणे! बरं, मग मला सांगा, तुमच्या घरी पूजेत काय बसलंय? गळा गोड आहे, पण चारचौघांत चुकेल म्हणून भजनात तोंड उघडत नाही, असं कुणी इथं आहे? आहे, मला दिसतंय, खांबाआड सरकू नका! भावाशी दोन शब्द बोलले तर वाद मिटेल. ते शब्द मनात तयार आहेत, पण तो काय म्हणेल म्हणून ठेवलेत जपून, असं कुणी?

आणि हे सगळं राहू द्या. सगळ्यात धारदार वस्तू कोणती दिली होती आपल्याला? हा! कटीवर हात ठेवून इथं उभा आहे तो! त्याचं काय केलंत? सकाळी गंध लावलं, फूल वाहिलं, दोन हात जोडले आणि दार लोटून घेतलं. मग दुकानात बसलात, कचेरीत गेलात, शेताच्या बांधावर भांडलात, ते कुठल्या चाकूनं? बाजारातल्या! देवाला बरोबर न्यायला भिता. कारण तो बरोबर असला आणि तरीही तराजू हलला, जीभ घसरली, तर दोष कुणाचा? मग म्हणायला जागा उरत नाही ना, 'काय करणार, जगच तसलं!'

चुका हो! खुशाल चुका! चुकलेलं पदरात घ्यायला माउली बसलेली आहे. पण उद्या सकाळी अक्षता टाका, त्याला पाटावरून उचला आणि कमरेला बांधून कामावर न्या. आज घरी गेल्यावर आधी देवघरापाशी बसा आणि एकदा खालची बाजू बघा — गंज किती चढलाय!

चला, मृदंगबुवा, हात सोडा आता! आणि मंडळी, नाम घ्यायचं ते असं घ्या, की जिभेची धार निघाली पाहिजे!