चौथा पत्ता

(बडोदे, २००९. सासरे पद्माकर आणि सून अवंती, कॉम्प्युटरसमोर.)

पद्माकर : सॉफ्टवेअरवाली सून घरात, आणि माझा प्रोग्रॅम बिघडलेला. लोक हसतील ने!

अवंती : हो बाबा. पण बिघडलेला नाही हो. रोज सकाळी सहाला इंटरनेटवरची पानं आणून छापतोय. आवृत्ती जुनी होती, नवी घातली.

पद्माकर : मग झालं?

अवंती : पूर्वी सगळं सेटिंग एकाच फायलीत होतं. आता प्रत्येक प्लगिनला, म्हणजे जोडप्रोग्रॅमला, स्वतःचा खण. पानं आणणाऱ्याचा वेगळा, छापणाऱ्याचा वेगळा.

पद्माकर : म्हणजे एकत्र कुटुंब फुटलं. चूल तरी एक आहे का?

अवंती : हो बाबा. पानांचे जुने पत्ते नव्या खणात हलवते. पहिला, पुण्याचं वर्तमानपत्र. दुसरा, क्रिकेट. तिसरा, पंचांग.

पद्माकर : बस ने, चौथा मी घालतो. तू चहा टाक.

अवंती : बाबा... जुन्या फायलीतला हा चौथा पत्ता माझ्या ब्लॉगचा आहे.

पद्माकर : असेल.

अवंती : मी टोपणनावानं लिहिते! तुमच्या देवेंद्रशिवाय कुणाला ठाऊक नाही.

पद्माकर : मस्कतला जाताना तोच हा पत्ता घालून गेला. म्हणाला, बाबा, करमेल तुम्हाला.

अवंती : हलकट! आणि तुम्ही सगळं वाचलंत?

पद्माकर : छापून, तारीखवार लावून. ‘आमचे दिवाणसाहेब लहरीपुऱ्यातून चोरून फाफडा आणतात आणि आम्हाला पथ्य शिकवतात.’ आमचे आजोबा दिवाणांच्या कचेरीत साधे कारकून. तू मला थेट दिवाणाची बढती दिलीस.

अवंती : मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. पुसून टाकते हा पत्ता. तसंही दोन महिने लिहिलेलं नाही.

पद्माकर : दोन महिने नऊ दिवस. रोज तेच शिळं पान. मला वाटलं, प्रोग्रॅमच मेला.

अवंती : म्हणून प्रोग्रॅम बघ म्हणून मागे लागला होतात?

पद्माकर : मग काय पंचांगासाठी? का थांबलीस?

अवंती : टायफॉइडमध्ये तुम्ही तीन आठवडे मला मुगाची खिचडी करून घातलीत. नंतर टिंगल करवेना.

पद्माकर : चुकलंच माझं. करपवायला हवी होती.

अवंती : बाबा!

पद्माकर : घरात तू नुसती ‘हो बाबा’. तिथं माझ्याशी भांडतेस. ती भांडणारी मला आवडते गं. तिच्याविना घर खायला उठतं.

अवंती : ...मग ऐका. पहाटे पाचला अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा गुळण्या करता, त्या बंद करा. माझी झोपमोड होते.

पद्माकर : हं. आणखी?