मळ जातो, बस्स!

…आणि एक नाही, दोन नाही, बावीस! प्रदर्शनाच्या एकाच हॉलमध्ये साबणाचे बावीस स्टॉल, तुम्हाला सांगते, मी आपली बघतच राहिले! एकाचा साबण लावला की माणूस दहा वर्षांनी तरुण, दुसऱ्याने म्हणे केस उगवतात, तिसऱ्याने झोप लागते… अहो, साबणाने झोप? आणि या सगळ्यांत, स्वच्छतागृहाच्या दाराला खेटून, मी. टेबलावर तीनशे वड्या आणि डोक्यावर व्रत!

व्रत कसलं, तर चाळीस दिवस खोटं बोलायचं नाही. घेतलं कशासाठी? साबण खपावा म्हणून! आमच्या ह्यांनी बजावलं होतं ना, "या खेपेला निम्मा तरी माल खपला नाही, तर तुझी ती साबणाची खोली रिकामी करायची. भाडेकरू ठेवू." आता अख्ख्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा हो! घाबरून देवापुढे हात जोडले नि बोलून गेले. विकायला बसायचं आणि खोटं बोलायचं नाही, हे जमायचं कसं, हा विचार कुणी करायचा? देवाने?

पहिल्या बाई आल्या. "रंग उजळतो का याने?"

"नाही."

"सुरकुत्या?"

"राहतात."

"मग होतं तरी काय?"

म्हटलं, "मळ जातो."

बाई गेल्या! शेजारच्या स्टॉलवर माझ्या जाऊबाई. केस उगवणारा साबण त्यांचाच बरं का! त्या दातओठ खात म्हणाल्या, "अगं, निदान तेज येतं म्हण! तेज काय कुणी मोजून बघतंय?"

म्हणवेना हो…

दुपारपर्यंत गेल्या वड्या तीन. मी रडकुंडीला आलेली. तेवढ्यात एक आजोबा आले, टक्कल कसं लखलखीत, जाऊबाईंच्या तावडीतून नुकतेच सुटलेले. दमून म्हणाले, "तुमच्याने काय उगवतं?"

"काही नाही, आजोबा. मळ जातो, बस्स."

आजोबांनी चष्मा वर केला, माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात आजींना हाक मारली, "अगं ए, इकडे ये! इथे साबण मिळतोय!"

आणि तुम्हाला सांगते, मी आपली बघतच राहिले! माणसं वळली, रांग लागली, स्वच्छतागृहाच्या रांगेतले दोघे चुकून माझ्यापुढे आले तेही चार-चार वड्या घेऊन गेले! एक बाई तर दोनदा विचारते, "नक्की काही होत नाही ना?"

"नाही हो, शपथेवर."

"मग सहा द्या!"

संध्याकाळी हे न्यायला आले. खोकी हलवून बघितली, निम्म्याहून जास्त रिकामी! "काय सांगून विकलंस?"

"काहीच नाही."

पडेल आवाजात म्हणाले, "खोली तुझीच."

देवा, किती रे तुझी कृपा!… म्हणून दुसऱ्या दिवशी नाचत गेले, तर हॉलभर पाट्या! "आमच्यानेही मळच जातो." "फक्त मळ." "मळाशिवाय काही नाही." आणि जाऊबाईंची पाटी सगळ्यांत मोठी: "आमच्याने मळही जेमतेमच जातो." रांग पार दारापर्यंत! मी आपली बघतच राहिले. आता याहून कमी मी काय सांगणार?

पण जाऊबाई जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होत्या हो… मन इतकं भरून आलं, की मीही रांगेत उभं राहून दोन वड्या घेतल्या.