बॉनेटपलीकडचा आवाज

बेळ्ळन : ती बादली आधी झाक, रुक्की. गाडीतलं जुनं कूलंटचं पाणी गोड लागतं. कुत्र्यानं चाटलं तर मरेल बिचारं.

रुक्की : झाकली. पण अप्पा, एवढा खटाटोप कशाला? मेट्टुपाळयमचा व्यापारी दुपारी येऊन गाडी घेऊनच जाणार आहे.

बेळ्ळन : नेऊ दे. पण उकळती गाडी नाही द्यायची. तुझ्या अव्वेची गाडी आहे ही.

रुक्की : आई गेली म्हणून तिची गाडी विकावी, असं मला तरी वाटतं का? पण तुम्हाला चालवता येत नाही. आणि मी गेल्या आठवड्यात घाटात नेली, तर वाफ सोडून उभी राहिली. मी काही पुन्हा बसणार नाही हिच्यात.

बेळ्ळन : आत्ता अंगणात तर बस. एकट्याचं काम नाही हे. गाडीचं तोंड चढाकडे केलंय, म्हणजे आतली हवा वर येईल. हीटरचा खटका कुठे आहे बघ.

रुक्की : निळ्यावर. बंद आहे.

बेळ्ळन : तू घाटात नेलीस त्याच्या आदल्या दिवशी मी पाणी बदललं, तेव्हा?

रुक्की : तेव्हाही बंदच. इथं आल्या आल्या सवयीनं मीच बंद केला होता. कोइम्बतूरला हीटर लावतं का कुणी?

बेळ्ळन : तरीच. आमच्या हट्टीत, इतक्या थंडीच्या गावात, तो खटका लालावरून कुणी हलवत नाही, म्हणून मी बघितलंच नाही. हीटरची वाट बंद, मग हवा आतच अडकली. पाणी फिरेल कसं? उकळली.

रुक्की : म्हणजे गाडीत काही बिघाड नाही?

बेळ्ळन : गाडीला काय धाड भरलीय? माणसं खाली सपाटीला जाऊन राहिली, त्याचा हा परिणाम.

रुक्की : मारा टोमणे. केला लाल. पुढे?

बेळ्ळन : चालू कर. पाय हलका ठेव.

(इंजिन सुरू होते.)

रुक्की : काय दिसतंय?

बेळ्ळन : बुडबुडे. नळी दाबली की येतात. पाणी खाली जातंय, मी ओततोय. तू बोलत राहा.

रुक्की : काय बोलू?

बेळ्ळन : काहीही. तिथं बसून तुझी अव्वे बोलायची. चहाची पानं जून झाली, हेत्तै देवीच्या जत्रेला कुठल्या म्हाताऱ्या न्यायच्या. पाच जणींना मागे कोंबायची आणि वर मलाच म्हणायची, पोट आत घ्या.

रुक्की : तुम्ही काय म्हणायचात?

बेळ्ळन : मी नळी दाबायचो. बॉनेट उघडं असलं की इथून आतलं माणूस दिसत नाही, रुक्की. नुसता आवाज येतो. आणि तुझा आवाज... तिथून आला की तिच्यासारखाच येतो.

रुक्की : तिच्यासारखं बोलू का मग?

बेळ्ळन : नको. तुझंच बोल.

रुक्की : तुमच्या स्वेटरला कोपरावर भोक पडलंय. सकाळी अवरेच्या दाण्यांच्या कालवणात मीठ नव्हतं, तुम्ही गप गिळलंत. आणि रात्री झोपेत बोलत होतात.

बेळ्ळन : काय?

रुक्की : “घेतलंय गं आत,” म्हणालात. आता कळलं मला, काय ते.

(बेळ्ळन नळी दाबतच राहतो.)

रुक्की : अप्पा? आहात ना तिथं?

बेळ्ळन : आहे. बुडबुडे थांबलेत बहुतेक. आत वारा कसा येतोय?

रुक्की : गार. नाही, कोमट. थांबा हं... आला, गरम आला. काचेवरचं धुकंसुद्धा विरतंय.

बेळ्ळन : तापमानाचा काटा?

रुक्की : मध्यावर. हलत नाही.

बेळ्ळन : मग झालं. झाकण लावतो. व्यापारी आला की सांग त्याला, आता उकळणार नाही.

रुक्की : त्याला मी फोन करते, येऊ नका म्हणून.

बेळ्ळन : आणि चालवणार कोण?

रुक्की : बॉनेट पाडा, अप्पा. मला समोरचा रस्ता दिसत नाहीये.

बेळ्ळन : पाडतो. जरा एक मिनिट दे.