शेजारच्या खिडकीचे गज

पनवेलला उलव्याच्या एसटीच्या रांगेत उभ्या असलेल्या एलिशेबाबाईंच्या पुढ्यातच दोघी शेजारणी भेटल्या. मालू महिनाभर आपट्याला लेकीकडे राहून परतत होती आणि गोदूला घराच्या दुरुस्तीचं तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

“मालू, खिडक्यांना सरकत्या काचा बसवल्या गो. आतून खाचेत काठी टाकली का बाहेरून हलत नाय.”

“बरं केलंस.”

“वर लोखंडी गज. मांजरसुद्धा शिरनार नाय.”

“माझ्या बाजूच्या खिडकीला पन?”

“सगल्या खिडक्यांना. आमचे मालक म्हनले, चोर काय खिडकी निवडून येतो?”

“मग कालवनाची वाटी आता तिथनं द्याची नाय.”

मागे ऐकत उभ्या एलिशेबाबाई नकळत एक पाऊल पुढे सरकल्या.

“आयक तरी. तुझ्या बाजूच्या खिडकीला सुतार गज ठोकाय लागला, तवा मी त्याच्या हातात वाटी दिली. म्हनलं, ही भरलेली, न सांडता आरपार जाया पायजे. दोनदा उपटून लावले त्यानं गज.”

“कंची वाटी?”

“तुझीच. जायच्या आदल्या दिवशी कोलंबी दिलीस, ती.”

“मांजर शिरंल गो तिथनं.”

“शिरू दे. आज काय रांधतेस?”