हशापुरतं थांबणं

हॉलिवूडच्या स्टुडिओत मेकअपच्या रांगेत माझ्यापुढे न्यूयॉर्कच्या नाटकांतून आलेलं एक जोडपं उभं होतं.

“आजही डायरेक्टर ओरडला, क्लॅरेन्स?”

“वाक्य संपलं की मी थांबतो म्हणे. हशा ओसरेपर्यंत थांबायची वीस वर्षांची सवय आहे, इडिथ. इथे कॅमेऱ्यासमोर हसणार कोण?”

“घरीही तू तसाच थांबतोस.”

“घरी तू असतेस ना.”

“आधी मला खरंच हसू यायचं. मग तुला वाईट वाटू नये म्हणून हसायचे. आता तेवढंही त्राण उरलं नाही. उद्याच्या गाडीनं मी आईकडे जातेय. कायमची.”

“जा. तुझी आईच तुला पुढच्या गाडीनं परत पाठवेल.”

“रांग पुढे सरकलीय, क्लॅरेन्स. आता कशाला थांबलास?”