दुसरं पान

पावसच्या गाडीला अजून वेळ होता. रत्नागिरी स्टँडवर गोदूबाईंच्या शेजारच्या बाकावर सागर बसला होता. पितृपक्षात सागरच्या वडिलांच्या, म्हणजे आपल्या दादाच्या, श्राद्धासाठी मुंबईहून उशिरा पोचलेल्या या आत्याला तो न्यायला आला होता.

“दादाच्या पानाला कावळा शिवला काय रे?”

“दोन तास शिवेना. आईला सांभाळीन म्हटलं, बाग विकणार नाही म्हटलं. तरी नाही. मग आईला आठवलं, दुसरं पान राहिलं.”

“दुसरं कुणाचं रे?”

“आबा बोटीवर होते तेव्हा अमेरिकेत त्यांना तिथला मूळचा एक म्हातारा भेटला. म्हणाला, तुमचा देश शोधायला निघालेला खलाशी चुकून आमच्याकडे आला, आणि आम्हालाच इंडियन म्हणाला. पुढे आमची माणसं त्याच नावाने मेली.”

“म्हणून आपण जेवायला घालायचं?”

“आपल्या नावाने मेली, तर पान आपणच वाढायचं, असं आबा म्हणायचे.”

“दादा म्हणजे ना! वाढलंस मग?”

“वाढलं. कावळ्यांनी अंगण काळं झालं, आत्या. पण एकानेही काव केलं नाही.”

“आणि दादाचं पान?”

“तसंच आहे, आत्ताच आईचा फोन आला होता. दुसऱ्या पानावर तिने तिसऱ्यांदा भात टाकलाय. ते अजून येतायत.”